प्रीसाइस : ठिबकच्या ड्रिपरवर लावून पाहिलेले एक मुक्त जोडणी-सॉफ्टवेअर

वाहते पाणी लवचिक भागावर दाब टाकते, त्या दाबाने भाग वाकतो, आणि भाग वाकला की पाण्याची वाट बदलून दाबही बदलतो. ही दुतर्फी देवाणघेवाण संगणकावर सोडवून देणारी व्यापारी पॅकेजे बाजारात आहेत, पण त्यांचा वार्षिक परवाना जिल्ह्याच्या ठिकाणच्या लहान कार्यालयाला झेपणारा नसतो. प्रस्तुत परीक्षण ज्या सॉफ्टवेअरचे आहे, ते प्रीसाइस, मुख्यतः म्यूनिकचे तांत्रिक विद्यापीठ आणि श्टुटगार्ट विद्यापीठ यांच्या परिसरात वाढले असून मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळते. ते स्वतः ना द्रव सोडवते ना घन. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखे ते दोन घरांच्या मध्ये उभे राहते, इकडचा निरोप तिकडे पोचवते आणि दोन्ही बाजूंचे एकमत होईपर्यंत बोलणी चालू ठेवते. आमच्याकडे द्रवाच्या घरात ओपनफोम आहे आणि घनाच्या घरात कॅल्क्युलिक्स, दोन्ही मुक्त सॉल्व्हर, म्हणजे समीकरणे सोडवणारी सॉफ्टवेअरे. जळगाव परिसरात पाइप, व्हॉल्व्ह आणि ठिबकचे सुटे भाग बनवणारे कारखाने भरपूर असल्याने आमच्या सल्ला-कार्यालयातले बरेचसे काम त्यांच्या साच्यांभोवतीच फिरते. त्यामुळे हे साधन पारखण्यासाठी दाब-नियंत्रित ड्रिपरपेक्षा योग्य वस्तू आम्हाला सुचली नाही.

असा ड्रिपर चिरून पाहिला तर आत फार काही नसते. पाण्याचा जोर मारणारी दातेरी नागमोडी वाट, वाटेच्या शेवटी एक लहानशी कोठी, आणि कोठीच्या डोक्यावर बसवलेली, नखाएवढी, बोटाने सहज दुमडणारी सिलिकॉनची चकती. चकतीच्या वरच्या अंगाला लॅटरलमधला, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळीतला, पूर्ण दाब असतो, तर खालच्या अंगाला नागमोडी वाटेतून येताना उतरलेला दाब. लॅटरलमधला दाब वाढला की दोन्ही अंगांतला फरक वाढतो, चकती खाली झुकते, निर्गम-छिद्राभोवतीची फट अरुंद होते आणि बाहेर पडणारे पाणी जवळजवळ तेवढेच राहते. साध्या ड्रिपरमधून येणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दाब चौपट झाला की पाणी दुप्पट. दाब-नियंत्रित ड्रिपरच्या रचनाकाराला हा घातांक अर्ध्यावरून शून्याच्या जवळ आणून ठेवायचा असतो. सातपुड्याच्या पायथ्याकडे चढत जाणाऱ्या यावल-रावेरच्या केळीच्या शेतात वरच्या आणि खालच्या टोकाच्या खोडांना सारखे पाणी मिळते की नाही, हे शेवटी या चकतीच्या झुकण्यावर ठरते.

आकडे छोटे असले तरी गणित सोपे नाही. ताशी ४ लिटरचा ड्रिपर घेतला आणि वाटेचा छेद १ चौरस मिलिमीटर धरला, तर पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १.१ मीटर आणि २० अंश तापमानाला रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत की खळबळता, हे सांगणारा आकडा) सुमारे १,१०० येतो. सरळ नळीत एवढ्या अंकाला प्रवाह शांत थरांनी वाहतो. दातेरी वाटेत मात्र प्रत्येक दातामागे भोवरा सुटतो, आणि ऊर्जा खर्ची घालणे हेच त्या भोवऱ्यांचे काम असते. मे महिन्यात उन्हात पडलेल्या काळ्या लॅटरलमधले पाणी ४० अंशांवर गेले, की त्याची श्यानता (चिकटपणा) साधारण एक-तृतीयांशाने उतरते आणि तोच अंक १,७०० च्या घरात जातो. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या गार पाण्याचे गुणधर्म जसेच्या तसे उचलून गणितात भरणे खानदेशात तरी योग्य नाही.

जोडणीतली खरी अडचण वेगळीच आहे, आणि प्रीसाइसची किंमत समजण्यासाठी ती नीट पाहिली पाहिजे. दोन सॉल्व्हर वेगळे ठेवायचे म्हटले की रिवाज असा पडतो की द्रवाचा सॉल्व्हर सीमेवरचे बल देतो, घनाचा सॉल्व्हर त्या बलाने झालेले विस्थापन परत पाठवतो, आणि दोघेही पुढच्या कालपायरीवर, म्हणजे वेळेच्या पुढच्या छोट्या तुकड्यावर, जातात. प्रत्येक पायरीला एकदाच निरोप द्यायचा, या पद्धतीला सैल जोडणी म्हणता येईल. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर उभ्या असलेल्या पवनचक्कीच्या पात्यासाठी ती बहुधा पुरते, कारण हवेची घनता घनमीटरला सव्वा किलोच्या आसपास आणि पात्याच्या तंतुमिश्र पदार्थाची तिच्या हजार पटींहून अधिक असते. पाते हलले तरी हवेच्या वजनाने त्याचे काही अडत नाही. सिलिकॉनची घनता मात्र पाण्याहून जेमतेम दहा-पंधरा टक्क्यांनी जास्त असते. चकती हलली की तिच्याबरोबर तिच्याच तोलामोलाचे पाणी हलवावे लागते, आणि घनाच्या समीकरणाला या वाढीव वस्तुमानाची कल्पना नसल्याने ते प्रत्येक वेळी गरजेपेक्षा जास्त विस्थापन देते. द्रव त्यावर उलट दिशेने जास्त बल देतो, आणि काही पायऱ्यांतच आकडे फुटतात. कोझँ, जर्बो आणि नोबिले यांनी २००५ मध्ये या अस्थिरतेचे गणिती विश्लेषण मांडले. नवख्याला सर्वांत जास्त चकवणारी गोष्ट अशी की घनतांचे गुणोत्तर प्रतिकूल असेल तर कालपायरी बारीक करून ही अस्थिरता जात नाही, उलट लवकर उफाळू शकते. इतर बहुतेक ठिकाणी आपण गणित बिघडले की कालपायरी निम्मी करतो. इथे तो हातचा उपाय चालत नाही.

प्रीसाइस इथेच उपयोगी पडते. त्यात सैल जोडणी आहेच, पण त्याच मांडणी-फाइलमधल्या (कॉन्फिगरेशन) काही नोंदी बदलून घट्ट जोडणी निवडता येते. त्यात एकाच कालपायरीत दोन्ही सॉल्व्हर पुन्हा पुन्हा मागे आणून, सीमेवरची तफावत ठरावीक मर्यादेखाली येईपर्यंत पुनरावृत्ती केली जाते. नुसती पुनरावृत्तीही ड्रिपरसारख्या जागी पुरत नाही, कारण तीही त्याच वाढीव वस्तुमानामुळे भरकटते. म्हणून पुढचा अंदाज सावरून घेणारी पद्धत लागते. सर्वांत साधी म्हणजे ठरावीक अंशानेच पुढे सरकणे, तिच्यापेक्षा शहाणी म्हणजे एटकिनची, जी मागच्या दोन तफावती पाहून तो अंश स्वतः ठरवते, आणि सर्वांत कामाची म्हणजे क्वासी-न्यूटन कुळातली, जी मागच्या अनेक पुनरावृत्त्यांतल्या तफावतींचा साठा ठेवून त्यातून सीमेचा कल ओळखते. या शेवटच्या कुळातली लघुतम वर्गांवर आधारलेली पद्धत देग्रूट, बाथे आणि व्हिरेन्डील्स यांनी २००९ मध्ये मांडली. ती हाताने लिहायची म्हटली तर अनुभवी माणसाचाही बराच काळ जाईल. इथे ती तयार, अनेक समस्यांवर घासून निघालेली मिळते. आमच्या चकतीवर सैल जोडणी सुरुवातीलाच कोलमडली, स्थिर अंशाने काम रडतखडत पुढे सरकले, एटकिनने ते मार्गी लागले, आणि क्वासी-न्यूटनने प्रत्येक पायरीच्या पुनरावृत्त्या डोळ्यांना दिसतील इतक्या कमी केल्या. केवळ याच गुणासाठी हे सॉफ्टवेअर घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काम चालू असताना प्रीसाइस दोन साध्या मजकूर-फाइली लिहीत जाते. एकीत प्रत्येक पायरीला किती पुनरावृत्त्या लागल्या ते असते, आणि दुसरीत बल व विस्थापन यांची तफावत पुनरावृत्तीगणिक कशी उतरली ते. पडद्यावर सॉल्व्हरांचा मजकूर सरसर वर जात असतो, त्याकडे पाहत बसण्यापेक्षा या दोन फाइलींचा आलेख काढावा. पुनरावृत्त्यांचा स्तंभ पायरीगणिक कमाल मर्यादेला टेकू लागला, तर समजावे की तफावत उतरलेली नसतानाच गणित पुढे ढकलले जात आहे. कारण कमाल मर्यादा गाठली की प्रीसाइस तिथेच थांबत नाही, पुढच्या पायरीवर जाते. अशा वेळी शेवटी मिळणारे रंगीत चित्र कितीही देखणे असले तरी गिऱ्हाइकाला दाखवण्याच्या लायकीचे नसते.

दोन जाळ्यांमधल्या निरोपांबद्दलही थोडे तपशिलात सांगणे आवश्यक आहे. जाळी म्हणजे गणितासाठी पाडलेले छोटे छोटे तुकडे. द्रवाची जाळी सीमेजवळ बारीक असते, घनाची तुलनेने जाड, आणि दोघींचे बिंदू एकमेकांवर बसत नाहीत. त्यासाठी जवळच्या बिंदूचे मूल्य उचलणे, जवळच्या पृष्ठावर प्रक्षेप घेणे आणि त्रिज्य फलनांनी मूल्य अंदाजणे, असे पर्याय प्रीसाइस देते. बल पाठवताना बेरीज कायम राहील असा, आणि विस्थापन पाठवताना मूल्य कायम राहील असा पर्याय निवडायचा असतो. ही अदलाबदल झाली तर चकतीवरचे एकूण बल जाळीच्या बारीकपणानुसार बदलू लागते. ओपनफोमला प्रीसाइसशी बांधणारा जोड-भाग बले पृष्ठांच्या मध्यावर मोजतो आणि विस्थापने कोपऱ्यांच्या बिंदूंवर घेतो, म्हणून मांडणी-फाइलमध्ये द्रवाच्या बाजूला दोन वेगळ्या जाळ्यांची नावे द्यावी लागतात. शिवाय असंपीड्य (दाबाने घनता न बदलणाऱ्या) प्रवाहाच्या सॉल्व्हरमध्ये ओपनफोमचा ‘दाब’ हा मुळात घनतेने भागलेला दाब असतो. जोड-भागाच्या मांडणीत घनता वेगळी लिहावी लागते, आणि तिथे पाण्याचे १,००० न लिहिता एखाद्या नमुना-उदाहरणातला १ तसाच राहिला, तर चकतीवरचे बल हजारपट कमी पडते. गणित मात्र अतिशय सुरळीत चालते, आणि म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही.

नमुना-उदाहरणांचा विषय निघाला म्हणून एक आक्षेप नोंदवतो. प्रीसाइसबरोबर मिळणाऱ्या उदाहरणांत प्रवाहमार्गाच्या तळाशी उभ्या केलेल्या लवचिक पट्टीचे उदाहरण सर्वांत लोकप्रिय आहे, आणि बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात. त्यात द्रवाची घनता १ आणि पट्टीची ३,००० धरलेली आहे. म्हणजे वाढीव वस्तुमानाचा त्रास जिथे जवळजवळ नाहीच, अशा सपाट रस्त्यावर नवख्याला गाडी शिकवली जाते आणि मग तो थेट पाण्यात बुडालेल्या रबराचा घाट चढायला जातो. त्यापेक्षा तुरेक आणि हॉर्न यांनी २००६ मध्ये ठरवून दिलेली कसोटी आधी सोडवावी. तिचे उदाहरणही तयार मिळते, फक्त तिथे घनाच्या बाजूला कॅल्क्युलिक्सऐवजी डील-टू हे दुसरे मुक्त सॉफ्टवेअर वापरलेले आहे. २.५ मीटर लांब आणि ०.४१ मीटर उंच प्रवाहमार्गात एक वर्तुळाकार अडथळा आणि त्याच्या पाठीला चिकटलेली ०.३५ मीटर लांब, ०.०२ मीटर जाड लवचिक पट्टी, असे तिचे स्वरूप आहे. तिसऱ्या प्रकारात पट्टी आणि द्रव यांची घनता सारखीच, १,००० आहे आणि सरासरी वेग सेकंदाला २ मीटर. पट्टीचे टोक वर-खाली सुमारे ३४ मिलिमीटरच्या आयामाने, सेकंदाला साधारण ५.३ वेळा हेलकावे घेते, हे प्रसिद्ध उत्तर आहे. आपल्या संगणकावर हा आयाम आणि ही वारंवारिता काही टक्क्यांच्या फरकाने जुळेपर्यंत कुठल्याही कारखान्याचे काम हाती घेऊ नये. जुळत नसेल तर बहुतेक वेळा दोष कालपायरीत किंवा पट्टीच्या टोकाजवळच्या जाळीत सापडतो.

बसवण्याची प्रक्रिया मिश्र अनुभवाची आहे. प्रीसाइसची मुख्य लायब्ररी उबुंटूवर तयार पॅकेजातून काही मिनिटांत बसते आणि विंडोजच्या आतल्या लिनक्समध्येही चालते. ओपनफोमचा जोड-भाग संकलित (कंपाइल) करावा लागतो, पण मूळ सॉल्व्हरला हात लावावा लागत नाही. नियंत्रण-फाइलमध्ये काही ओळी वाढवल्या की काम होते, आणि ही रचना खरोखर सुबक आहे. मात्र ओपनफोमच्या दोन स्वतंत्र शाखा आहेत, एक ओपनफोम फाउंडेशन या संस्थेची आणि दुसरी ईएसआय या कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी, आणि जोड-भागाचा भर दुसऱ्या शाखेवर असल्याने सुरुवातच तिथून केलेली बरी. कॅल्क्युलिक्सच्या बाजूला मात्र दमछाक होते. म्यूनिकच्या विमान-इंजिन उद्योगात काम करणाऱ्या गिडो धोंट आणि क्लाउस विटिश यांनी उभा केलेला हा सॉल्व्हर स्वतः भक्कम आहे, रबरासारख्या पदार्थांचे अनेक नियम त्यात आहेत आणि त्याची निविष्ट-फाइल (इनपुट) अबॅकस हे व्यापारी पॅकेज वापरणाऱ्याला लगेच ओळखीची वाटते. तरी त्याचा जोड-भाग कॅल्क्युलिक्सच्या एका ठरावीक आवृत्तीला बांधलेला असतो. त्या आवृत्तीचा मूळ संकेत (सोर्स कोड) आणावा लागतो, सोबतच्या गणिती लायब्रऱ्या जुळवाव्या लागतात, आणि मग सगळे मिळून नवी चालवता येणारी फाइल (एक्झिक्युटेबल) तयार करावी लागते. त्यात २०२४ मध्ये प्रीसाइसची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा फलनांची नावे आणि मांडणी-फाइलचे नियम बदलले. इंटरनेटवरची जुनी व्हिडिओ-शिकवणी दुसऱ्या आवृत्तीची असेल तर तिच्यातल्या फाइली तशाच्या तशा चालणार नाहीत. नव्या आवृत्तीत दोन सॉल्व्हरांना वेगवेगळ्या लांबीच्या कालपायऱ्या घेऊ देण्याची सोय सुधारली आहे, म्हणून जुन्याला चिकटून राहण्याचे कारण नाही.

ओपनफोमच्या ज्या सॉल्व्हरावर हे सगळे चालते, त्याच्या पोटात दाब आणि वेग यांचा मेळ घालणाऱ्या सिंपल आणि पिसो या दोन पद्धतींचा मिलाफ आहे. त्यांपैकी सिंपल ही १९७२ मध्ये स्पाल्डिंग यांच्याबरोबर मांडणारे सुहास पाटणकर हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत द्रवगतिकी शिकवताना हे नाव अनेकदा परदेशी माणसाचे असल्यासारखे उच्चारले जाते, म्हणून ही नोंद.

आता ड्रिपरवर हे साधन कुठे अपुरे पडते ते सांगणे भाग आहे, आणि ही अपुरेपणाची जागा लहान नाही. चकती झुकत असताना ओपनफोमची जाळी तिच्याबरोबर ताणली-दाबली जाते. फट मूळच्या निम्मी होईपर्यंत बहुधा अडचण येत नाही. त्यापुढे फटीतल्या पेशी चिरमटू लागतात, आणि चकती बैठकीला टेकण्याच्या बेतात आली की एखाद्या पेशीचे आकारमान ऋण होऊन गणित थांबते. खऱ्या ड्रिपरमध्ये तर चकती बैठकीला टेकतेच. बैठकीत एक बारीक खाच ठेवलेली असते आणि जास्त दाबाला पाणी मुख्यतः त्या खाचेतूनच जाते. म्हणजे कारखानदाराला ज्या दाबपट्ट्यात प्रवाह स्थिर हवा असतो, त्याच्या वरच्या भागात ही जोडणी पोचतच नाही. फटीत कायमची एक किमान जागा राखून गणित पुढे रेटता येते, पण तेव्हा त्या राखलेल्या जागेतून जाणारे पाणी उत्तरात मिसळते, आणि ते पाणी खाचेतल्या पाण्याच्या तुलनेत नगण्य नसते. हा दोष खरे तर प्रीसाइसचा नाही, सीमेबरोबर जाळी हलवण्याच्या पद्धतीचा आहे. विसर्जित सीमेची पद्धत, जिची सुरुवात पेस्किन यांनी १९७२ मध्ये हृदयाच्या झडपांभोवतीच्या रक्तप्रवाहासाठी केली, जाळी स्थिर ठेवते आणि म्हणून अशा ठिकाणी तत्त्वतः अधिक सोयीची ठरते. पण आपण निवडलेल्या या दोन सॉल्व्हरांच्या तयार जोडणीत ती सोय नाही.

यावर आम्ही स्वीकारलेला मार्ग काहीसा गावठी वाटेल, पण तो टिकाऊ आहे. ड्रिपरचे दाब-प्रवाह नाते ही स्थिर स्थितीची बाब असल्याने, चकती टेकल्यानंतरच्या दाबांसाठी प्रत्येक दाबाला कॅल्क्युलिक्समध्ये स्पर्शासह चकतीचा आकार काढायचा, तो आकार घेऊन ओपनफोमची नवी जाळी बांधायची, तिच्यावर आलेला दाब पुन्हा कॅल्क्युलिक्सला द्यायचा, आणि आकार बदलेनासा झाला की थांबायचे. चकती टेकण्यापूर्वीच्या भागासाठी आणि ती थरथरते की नाही हे पाहण्यासाठी मात्र प्रीसाइसच. काही रचनांत कमी दाबाला चकती फडफडते आणि प्रवाह अस्थिर होतो. हे वर्तन हाताने जोडलेल्या स्थिर गणितातून कधीही दिसले नसते.

यंत्रसामग्रीबाबत अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. ओपनफोम अनेक गाभ्यांवर (प्रोसेसरच्या कोअरवर) आणि अनेक यंत्रांवर वाटून चालवता येते, कॅल्क्युलिक्स एका यंत्राच्या गाभ्यांपुरतेच राहते. ड्रिपरच्या बाबतीत घनाची जाळी छोटी असल्याने ते खटकत नाही. खटकते ते वीज जाणे. गणित अर्ध्यात असताना वीज गेली तर दोन्ही सॉल्व्हर शेवटच्या साठवलेल्या पायरीवरून पुन्हा उभे करता येतात, पण क्वासी-न्यूटनने जमवलेला तफावतींचा साठा नाहीसा होतो आणि सीमेवरचा निरोप नव्याने सुरू होतो. पहिल्या काही पायऱ्यांत त्यामुळे दाबाला एक खोटा उसळा येतो, तो आलेखातून वगळावा लागतो. दोन्ही सॉल्व्हरांचे साठवणीचे क्षण तंतोतंत एकच ठेवणे आणि चांगला यूपीएस घेणे, हे दोन्ही आवश्यक. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना बंद खोलीत ठेवलेला संगणक स्वतःचा वेग उतरवून घेतो, म्हणून लांबचे गणित आम्ही रात्रीच लावतो.

या साधनाचा मोह कुठे आवरावा, हेही लिहिणे गरजेचे आहे, कारण खानदेशात द्रव-घन परस्परक्रियेचा सर्वांत परिचित अनुभव ड्रिपरचा नसून पाइपलाइन फुटण्याचा आहे. तापी किंवा गिरणेच्या काठावरून किलोमीटरभर लांब शेतात पाणी नेणारी मोटर वीज जाताच बंद पडते, पाण्याचा लोंढा उलटतो, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आपटून बंद होतो आणि कुठेतरी जोड निसटतो. अशा कामासाठी प्रीसाइस उघडू नये. लवचिक नळीतल्या दाबलहरीचा वेग कोर्टेवेग यांनी १८७८ मध्येच सूत्रात बसवला आहे, आणि अचानक थांबलेल्या पाण्याने चढणारा दाब जुकोव्हस्की यांच्या १८९८ च्या सूत्राने निघतो. पीव्हीसीचा लवचिकता गुणांक ३ गिगापास्कल आणि पाइपचा व्यास जाडीच्या २७ पट धरला, तर लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर येतो, पाण्याचा सेकंदाला १.५ मीटरचा वेग अचानक शून्य झाला तर चढणारा दाब सुमारे ४.९ बार, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत पाच किलो. त्याच मापाच्या लोखंडी पाइपात लहर १,३०० मीटरने धावते आणि दाब १९ बारच्या वर जातो. सहा किलोच्या पाइपात आधीच तीन किलो दाब असेल, तर वरचे पाच मिळून काय होणार हे सांगायला त्रिमितीय जाळीची गरज नाही. किलोमीटरभर लांब पीव्हीसी पाइपात लहरीला जाऊन परत यायला सुमारे ६ सेकंद लागतात, म्हणजे त्याहून कमी वेळात बंद होणारा कोणताही व्हॉल्व्ह ‘अचानक’ या सदरात मोडतो. एवढे कळले की संथ बंद होणारा व्हॉल्व्ह आणि योग्य जागी एअर व्हॉल्व्ह यांची निवड कागदावरच होते. त्रिमितीय जोडणीची गरज पडते ती त्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची झडप किती वेगाने आपटते आणि तिच्या रबरी कडेवर किती ताण येतो, एवढ्याच तुकड्यासाठी, आणि तिथेही झडप बैठकीला टेकण्याची तीच अडचण पुन्हा आडवी येते.

पर्यायांचा विचार थोडक्यात. ओपनफोमच्याच चौकटीत घनही सोडवणारे सॉलिड्स-फोर-फोम हे पॅकेज आहे. दोन वेगळी सॉफ्टवेअरे जुळवण्याचा त्रास त्यात नाही, मात्र घनासाठी परिमित घटक पद्धतीचा (वस्तूचे छोटे घटक पाडून सोडवण्याचा) कॅल्क्युलिक्सइतका मोठा पसारा मिळत नाही. हतनूर धरणाच्या ४१ दरवाज्यांपैकी एखाद्याखालून उसळणाऱ्या पाण्यासारखे, मोकळा पृष्ठभाग असलेले आणि तुटणारे-उडणारे पाणी असेल, तर कणांवर आधारलेले ड्युअल-एसफिजिक्स (DualSPHysics) अधिक शोभते. व्यापारी पॅकेजे सोयीत निर्विवाद पुढे आहेत, विशेषतः आकृती आणणे आणि जाळी बांधणे या कामांत, जिथे आमची ही मुक्त जोडी सर्वांत जास्त वेळ खाते.

खर्चाच्या बाजूला परवान्याचे पैसे शून्य. वेळेचे मात्र बरेच, आणि कारखानदाराशी दर ठरवताना ते धरले पाहिजेत. ज्या कार्यालयात लिनक्सवर रोज काम करणारा एकही माणूस नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये. पदव्युत्तर प्रकल्पासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही आधी मुंबईच्या आयआयटीतल्या, मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसारासाठीच्या फॉसी प्रकल्पाचे ओपनफोमचे विनामूल्य पाठ पुरे करायला लावतो, मग प्रीसाइसचे एकमितीय लवचिक नळीचे उदाहरण, जे पायथनमध्ये लिहिलेले असून साध्या लॅपटॉपवर चालते आणि वाढीव वस्तुमानाचा त्रास पहिल्याच बैठकीत दाखवते, आणि त्यानंतर तुरेक-हॉर्न. चकतीकडे त्यापुढे वळायचे.

ड्रिपर बनवणाऱ्या कारखान्याने असे काम कोणाकडे सोपवायचे ठरवले, तर करारापूर्वी दोन गोष्टी स्वतःहून पुरवाव्यात: चाचणी-बाकावर किमान चार-पाच दाबांना मोजलेला त्याच ड्रिपरचा प्रवाह, आणि चकतीच्या सिलिकॉनचा ताण-विकृती आलेख, तोही नव्या चकतीचा आणि काही महिने खताच्या पाण्यात राहून कडक झालेल्या चकतीचा वेगवेगळा. दुसरा आलेख सहसा कोणाकडे नसतो, आणि तो नसेल तर प्रीसाइसने कितीही काटेकोर जोडणी केली तरी निघालेले उत्तर फक्त नव्या ड्रिपरला लागू राहते.